सारा बार्टमनचे शरीर आणि आपली नजर

२६ ऑगस्ट २०२५ रोजी फ्रान्सने मादागास्करला तीन कवट्या परत केल्या. त्यांतली एक सकलावा लोकांचा राजा तोएरा याची आहे, असे मानले जाते. १८९७ साली फ्रेंच फौजेने या राजाला ठार करून त्याचे शिर कापले आणि कवटी पॅरिसला नेली. तिथल्या नैसर्गिक इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती सव्वाशे वर्षांहून जास्त काळ राहिली.

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या अगदी जवळची एक घटना घडली. १८९८ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा येथील स्तूपातून ब्रिटिश जमीनदार विल्यम क्लॅक्स्टन पेपे याने अस्थिकलश खणून काढले होते. तथागतांच्या अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या. अस्थींसोबत वाहिलेल्या रत्नांपैकी बरीचशी कोलकात्याच्या संग्रहालयात गेली आणि काही पेपे कुटुंबाकडेच राहिली. ती रत्ने ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये सदबीज ही कंपनी लिलावात विकणार होती. भारत सरकारने नोटीस दिली, अभ्यासकांनी आणि बौद्धांनी विरोध केला, लिलाव थांबला. जुलैअखेर रत्ने भारतात आली, तीही गोदरेज उद्योगसमूहाने ती विकत घेतली म्हणून. लिलाववाल्यांच्या लेखी तो प्राचीन दागिन्यांचा संच होता. आपल्या लेखी अस्थींसोबत ठेवलेली ती रत्ने तथागतांच्या देहापासून वेगळी काढताच येत नाहीत.

या दोन बातम्या वाचताना मला सतत एक नृत्य आठवत होते. एकटीने केलेले, दक्षिण आफ्रिकेतल्या एका कृष्णवर्णीय नर्तिकेचे. तिचे नाव नेलिसिवे झाबा. (आडनावातले पहिले अक्षर जीभ टाळ्याला लावून टक् असा आवाज काढून उच्चारायचे असते. देवनागरीत त्यासाठी अक्षर नाही, म्हणून ‘झाबा’ लिहितो.) सोवेटोत जन्मलेली, जोहान्सबर्गमध्ये आणि नंतर लंडनच्या रॅम्बर्ट शाळेत नृत्य शिकलेली ही बाई. तिच्या एकल नृत्याचे नाव आहे ‘दे लुक ॲट मी अँड दॅट्स ऑल दे थिंक’. म्हणजे, ते माझ्याकडे पाहतात आणि त्यांचा सगळा विचार तेवढ्यावरच थांबतो.

हे नृत्य सारा बार्टमन या बाईवरून सुचलेले आहे. तिची गोष्ट आपल्या तरुणांनी माहीत करून घेतली पाहिजे, म्हणून आधी ती सांगतो.

सारा ही खोइखोइ समाजातली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात तिचा जन्म झाला. वसाहतवाल्यांनी त्या लोकांच्या जमिनी आणि गुरे हिसकावलेली होती. ती केपटाऊनला एका घरात मोलकरीण म्हणून राबत होती. १८१० साली हेन्ड्रिक सेझार्स आणि लष्करी डॉक्टर अलेक्झांडर डनलॉप या दोघांनी तिला लंडनला नेले आणि पिकॅडिली रस्त्यावरच्या एका जागेत तिचा खेळ मांडला. तिकीट दोन शिलिंग. खेळ म्हणजे काय, तर तिने अंगाला चिकटणाऱ्या कपड्यात उभे राहायचे, चालायचे, वळायचे, आणि लोकांनी तिच्या मोठ्या नितंबांकडे पाहायचे. त्या काळच्या एका नटाच्या आठवणीत नोंद आहे की कुणी तिला चिमटा काढी, कुणी तिच्याभोवती फेरी मारून बघे, एकाने काठीने टोचले, तर एका बाईने हातातल्या छत्रीने. अंग खरे आहे की भरलेले, याची खात्री करायची होती त्यांना!

तिचे नाव ठेवले ‘हॉटेंटॉट व्हीनस’. हॉटेंटॉट हा खोइखोइ लोकांना गोऱ्यांनी दिलेला हिणकस शब्द आणि व्हीनस ही त्यांची सौंदर्यदेवता. दोन्ही एकत्र केले की थट्टा पूर्ण होते. आपल्या आज्या-पणज्यांची कागदावर चढलेली नावे आठवा. धोंड्या, कचऱ्या, दगडी. नाव कोण ठेवतो यात बरेच काही आलेले असते.

लंडनमध्ये याविरुद्ध लोक उभे राहिले. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती. त्या चळवळीतल्या झॅकरी मकॉले यांच्या आफ्रिकन इन्स्टिट्यूशनने नोव्हेंबर १८१० मध्ये कोर्टात धाव घेतली. या बाईला गुलामासारखे ठेवले आहे, तिला सोडवा, अशी मागणी होती. तिची डच भाषेत सुमारे तीन तास विचारपूस झाली. तिने सांगितले की मी माझ्या मर्जीने आले आहे आणि नफ्यात माझा वाटा आहे. एक करारही पुढे आला. दावा निकालात निघाला आणि खेळ चालू राहिला.

हा प्रसंग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. ‘तिची संमती होती’ हे वाक्य तेव्हापासून आजपर्यंत वापरले जाते. ज्या बाईची जमीन गेलेली, जी परक्या देशात, जिला परत जायला पैसे नाहीत आणि विचारपूस संपल्यावर ज्यांच्याच घरी जायचे आहे, तिची संमती किती खरी मानायची? दुसऱ्या बाजूला, तिला स्वतःची काही बुद्धीच नव्हती असे धरले, तर आपणही तिला वस्तूच केले. इतिहासकारांचा यावरचा वाद मिटलेला नाही. तो मिटवण्याची घाई आपणही करू नये.

१८१४ मध्ये तिला पॅरिसला नेण्यात आले. तिथे तिचा ताबा जनावरांचे खेळ करणाऱ्या एका माणसाकडे होता. मार्च १८१५ मध्ये तिला शास्त्रज्ञांसमोर उभे केले गेले. त्यांत जॉर्ज कुव्हिए होता, त्या काळचा युरोपातला सर्वांत मोठा शरीरशास्त्रज्ञ. सोबत चित्रकार होते. तिचे कपडे उतरवले गेले. पण कमरेखालचा एक भाग तिने शेवटपर्यंत झाकून ठेवला. कुव्हिएला नेमके तेच पाहायचे होते आणि तिने ते दाखवले नाही. ही नोंद खुद्द कुव्हिएचीच आहे. पाच वर्षे हजारो लोकांनी पाहिलेल्या या बाईने एक नकार राखून ठेवला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस ती मेली. कुव्हिएने तिचे शवविच्छेदन केले. शरीराचा प्लास्टरचा साचा घेतला, सांगाडा काढला, मेंदू आणि जननेंद्रिये बरण्यांत ठेवली. तिने जिवंतपणी जे नाकारले, ते मेल्यावर काढून घेतले. १८१७ मध्ये त्याने अहवाल छापला. त्यात त्याने तिची तुलना माकडांशी केली. त्याच अहवालात तिची स्मरणशक्ती उत्तम होती, तिला डच चांगले येत होते, थोडे इंग्रजी आणि थोडे फ्रेंचही येत होते, हेही लिहिले आहे. डोळ्यांसमोर तीन भाषा बोलणारी बाई होती आणि लेखणीतून माकड उतरले. माहिती कमी पडली म्हणून हे झाले, असे म्हणता येत नाही.

सांगाडा आणि साचा पॅरिसच्या संग्रहालयात १९७० च्या दशकापर्यंत लोकांना पाहण्यासाठी मांडलेले होते. म्हणजे आपल्याकडे दलित पँथर स्थापन झाली, तेव्हाही तिकडे लोक तिकीट काढून तिला पाहत होते. १९९४ नंतर नेल्सन मंडेलांनी तिला परत मागितले. फ्रान्सचे म्हणणे, संग्रहालयातली वस्तू ही राष्ट्राची मालमत्ता, ती देता येत नाही. शेवटी ६ मार्च २००२ रोजी फ्रेंच संसदेने खास तिच्यासाठी कायदा केला. त्या वेळी सिनेटमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कवयित्री डायना फेरस यांनी १९९८ मध्ये सारावर लिहिलेल्या कवितेचा आधार घेतला गेला. ९ ऑगस्ट २००२ रोजी, तिथल्या राष्ट्रीय महिला दिनी, हँकी या गावी तिचे दफन झाले. मरणानंतर ८६ वर्षांनी.

प्रत्येक अवशेषासाठी वेगळा कायदा करावा लागू नये म्हणून फ्रान्सने डिसेंबर २०२३ मध्ये एक सर्वसाधारण कायदा केला. सुरुवातीला सांगितलेल्या सकलावा कवट्या त्याच कायद्याखाली परत गेल्या. म्हणजे साराने वाट पाडली, असे म्हणायला हरकत नाही.

आता नृत्याकडे येऊ. या गोष्टीवर नृत्य करायचे म्हटले तर मोठी अडचण आहे. साराचा छळ दाखवायचा तर पुन्हा एका काळ्या बाईने मंचावर उभे राहायचे, आणि पुन्हा तिकीट काढून आलेल्या लोकांनी, तेही बहुतेक युरोपातल्या गोऱ्या लोकांनी, तिच्या शरीराकडे पाहायचे. निषेध करता करता तोच खेळ पुन्हा मांडला जातो. साराविषयीच्या अनेक नाटका-सिनेमांवर हाच आक्षेप आला. दिग्दर्शकाचा हेतू चांगला असतो, पण प्रेक्षकाचे डोळे तिथेच जातात.

झाबा साराची भूमिका करत नाही. तिच्या बोलण्याचा रोख असा आहे की मी आज युरोपच्या मंचावर नाचते, तेव्हा तुम्ही माझ्याकडेही तसेच पाहता. जोहान्सबर्गच्या स्ट्रेंजलव्ह या वेशभूषाकारांनी तिच्यासाठी पांढऱ्या कापडाचा प्रचंड घेराचा पोशाख केला. त्या पोशाखाशी ती खेळते, त्यात शिरते, तो उलटा-पालटा करते. तोच घेर पडदा होतो आणि त्यावर चित्रे उमटतात. जिथे पाहणाऱ्याला अंग बघायचे असते, तिथे त्याच्यासमोर पडदा येतो, आणि त्यावर काय दिसावे हे ती ठरवते. एक गंमत या निमित्ताने सांगितली पाहिजे. साराच्या ज्या ठेवणीला माकडासारखी म्हणून हिणवले, तीच ठेवण मिळवण्यासाठी पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या प्रतिष्ठित बायका कमरेमागे कापसाच्या उशा आणि तारांचे सांगाडे बांधून मिरवू लागल्या.

२००८ मध्ये तिने याचाच पुढचा भाग केला, ‘सखोझी सेज नॉन टू द व्हीनस’. नाव ऐकताच फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी आणि त्यांची स्थलांतरितांविषयीची धोरणे आठवावीत, अशीच ही कोटी आहे. हे काम तिच्याकडून करवून घेतले पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयाने. साराला ज्या संग्रहालयात ठेवले होते, त्याच्याच आफ्रिका-आशियातल्या वस्तू २००६ नंतर या नव्या इमारतीत आल्या आहेत. आफ्रिकेतल्या वस्तूंना तिथे काचेमागे मानाची जागा मिळते आणि आफ्रिकेतल्या माणसाला व्हिसासाठी रांगेत उभे राहावे लागते. झाबाचे बोट त्या विसंगतीवर आहे.

एकटीनेच नाचण्यालाही अर्थ आहे. समूहात नजर वाटली जाते, एकटी असली की सगळ्या नजरा तिच्यावरच येतात. सारावर त्या तशाच येत होत्या. फरक एवढाच की साराला थांब म्हणता येत नव्हते, आणि इथे कधी वळायचे, कधी पाठ करायची, किती दाखवायचे, हे नाचणारीच्या हातात आहे. प्रेक्षकाला थोड्या वेळाने कळते की आपणच पकडले गेलो आहोत. आपण काय पाहायला आलो होतो, हे मंचावरून कुणीतरी पाहत आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटत असेल, तर कुव्हिएनंतर काय झाले ते पाहा. शरीरे मोजून माणसांची प्रतवारी लावण्याचे शास्त्र पॅरिसमध्ये वाढत गेले. पॉल ब्रोका आणि त्याचा शिष्य पॉल तोपिनार यांनी कवटी आणि नाक मोजण्याच्या पद्धती बसवल्या. तोपिनारची पद्धत घेऊन हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमध्ये लोकांची नाके मोजली. नाकाच्या रुंदीवरून जातीची उंची ठरते, असा त्याचा सिद्धांत होता. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख तोच होता आणि जातींची उच्च-नीच उतरंड सरकारी कागदावर चढवण्याचे काम त्या जनगणनेत झाले. पॅरिसमधली मोजपट्टी अशी आपल्या दारापर्यंत आली.

आणि तिला उत्तर बाबासाहेबांनी दिले. १९४८ साली आलेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यता वंशभेदातून आली का, हा प्रश्न त्यांनी घेतला. त्यांनी मोजपट्टी फेकून दिली नाही. गो. स. घुर्ये यांनी मांडलेले नाकाच्या मोजमापांचे आकडेच त्यांनी हातात घेतले, प्रांताप्रांतातल्या ब्राह्मणांचे आणि अस्पृश्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि दाखवून दिले की हे आकडे खरे असतील, तर दोघांचा वंश एकच ठरतो. तुम्ही एकाला आर्य म्हणाल तर दुसऱ्यालाही म्हणावे लागेल. त्यांनी मोजणाऱ्यालाच त्याच्या मोजपट्टीपुढे उभे केले. झाबा मंचावर जे करते आणि बाबासाहेबांनी त्या प्रकरणात जे केले, त्यांची जात मला एकच वाटते. (जात हा शब्द इथे चुकून आला, राहू द्या.)

पण नाचणाऱ्या बाईच्या शरीराबाबत आपला इतिहास इतका सरळ नाही. तमाशा आणि लावणी उभी राहिली ती महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांच्या अंगमेहनतीवर. पाहणारे सगळ्या जातींचे, दौलतजादा करणारे गावचे पाटील आणि सावकार, आणि ‘अश्लील’ हा शिक्का मात्र नाचणारीवर. शर्मिला रेगे यांनी यावर फार आधी लिहिले. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या ग्रंथात हा शिक्का जात, लैंगिकता आणि माणुसकी यांच्याशी कसा बांधलेला आहे हे सविस्तर मांडले. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या पाईक यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे संदेश फिरवले. ग्रंथ किती जणांनी उघडला?

कारण त्या ग्रंथात आपल्यालाही अवघड जाणारे प्रश्न आहेत. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, वाघ्ये, पोतराज यांच्यासमोर भाषण केले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडून या, असे आवाहन केले. ज्या काळात समाजातल्या बाईचे शरीर कुणाच्याही मालकीचे मानले जाई, त्या काळात ही भूमिका मुक्तीचीच होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या आवाहनानंतरच्या नव्वद वर्षांत आपल्याच वस्तीत तमासगिरीणीच्या मुलीकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले, लग्न जमवताना काय विचारले गेले, हे आपल्याला माहीत आहे. धंदा सोडायला सांगणे वेगळे आणि सोडू न शकलेल्या बाईला खाली पाहणे वेगळे. पहिले बाबासाहेबांचे होते. दुसरे आपण उचललेले आहे, आणि ते ज्यांच्याकडून उचलले, ते आपले मित्र नव्हते.

विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट नेहमी सांगितली जाते. भर खेळात त्यांना कळा सुरू झाल्या, त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितले. ही गोष्ट बहुतेक वेळा विठाबाईंच्या जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यातले प्रेक्षक जास्त महत्त्वाचे वाटतात. थोड्या वेळापूर्वी जे शरीर शिट्ट्या मारून पाहिले जात होते, त्यात त्यांना अचानक एक माणूस दिसले. त्यासाठी मात्र तिला मंचामागे एकटीने बाळंत व्हावे लागले.

आता आपल्या परंपरेतली एक गोष्ट. धम्मपदाच्या अट्ठकथेत राजगृहाच्या सिरिमा नावाच्या गणिकेची कथा येते. ती उपासिका झालेली, भिक्खूंना रोज भोजनदान करणारी. एक तरुण भिक्खू तिच्या रूपावर भाळतो. त्याच सुमारास ती मरते. तेव्हा तिचे प्रेत जाळू नये, स्मशानात राखण लावून ठेवावे, असे तथागत राजाला कळवतात. चौथ्या दिवशी प्रेत कुजते. राजा दवंडी पिटवून सगळ्यांना पाहायला बोलावतो. मग बोली लावली जाते. हजार देईल त्याने हिला घेऊन जावे. कुणी पुढे येत नाही. पाचशे, अडीचशे, करत करत शेवटी फुकट. तरीही कुणी नाही. भिक्खूंना शरीराची अनित्यता समजते.

सारा बार्टमनची गोष्ट वाचल्यानंतर ही कथा पुन्हा वाचा. मेलेल्या बाईचे शरीर, सक्तीने जमवलेली गर्दी, बोली. ही कथा बुद्धवचन नाही, कित्येक शतकांनंतर लिहिलेल्या अट्ठकथेतली आहे, असे म्हणून सुटता येईल. बाबासाहेबांनी दिलेल्या कसोटीवर घासून ती बाजूलाही ठेवता येईल. पण ती आपल्या परंपरेत शेकडो वर्षे शिकवली गेली आहे, आणि अमेरिकी अभ्यासक लिझ विल्सन यांनी १९९६ च्या ‘चार्मिंग कॅडेव्हर्स’ या पुस्तकात अशाच कथांवर बोट ठेवले आहे. पुरुष भिक्खूच्या ज्ञानासाठी दरवेळी बाईचेच प्रेत का लागते, हा त्यांचा प्रश्न टाळण्याजोगा नाही.

तरी कुव्हिएची नजर आणि या परंपरेतली नजर एकच आहे, असे मी म्हणणार नाही. सतिपट्ठान सुत्तातली कायानुपस्सना स्वतःच्या श्वासापासून सुरू होते. स्मशानातले प्रेत पाहतानाही भिक्खूने हे जाणायचे असते की माझेही शरीर याच स्वभावाचे आहे, तेही असेच होणार आहे. कुव्हिए नेमके उलटे पाहत होता. ही माझ्यापेक्षा वेगळी कुठे आहे, हे त्याला शोधायचे होते. एका नजरेत पाहणारा स्वतः सापडतो, दुसरीत तो स्वतःला वगळतो. सिरिमाच्या कथेत पहिली नजर शिकवायची होती, पण सिरिमाला कुणी विचारले नाही, ही तिची उणीव.

आणि विचारण्याची गरजच पडू नये, असेही आपल्याकडे आहे. थेरीगाथेत आम्रपालीची गाथा आहे. वैशालीची ती गणिका, पुढे थेरी झालेली. म्हातारपणी ती स्वतःच्या केसांपासून पायांपर्यंत एकेका अवयवाकडे पाहते, तेव्हा कसे होते आणि आता कसे झाले ते सांगते. त्यात लाज नाही, रडणे नाही. पाहणारी तीच, पाहिली जाणारी तीच, बोलणारीही तीच. तरुणांनी झाबाचे एकल नृत्य आणि आम्रपालीची गाथा एकत्र अभ्यासवर्गात घ्यावी, असे मला मनापासून वाटते. धम्मावरची आपली व्याख्याने तीच तीच होत चालली आहेत.

हे सगळे मी का लिहितो आहे, ते आता सांगतो. आपल्या चळवळीतल्या व्हॉट्सॲप गटांवर अत्याचाराच्या घटनेनंतर पहिल्या तासाभरात फोटो येतात. झाडाला लटकलेली मुलगी. शेतात पडलेली बाई, अंगावर कपडे अर्धे. चेहरा दिसतो. खाली ‘शेअर करा, झोपलेल्यांना जागे करा’. मीही असे फोटो पुढे पाठवले आहेत. रागाने पाठवले. ज्या बाईचा फोटो होता, तिच्या आईने तो पाहिला असेल का, हा विचार तेव्हा आला नाही.

याला उत्तर तयार असते, आणि ते हलके नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांनी आधी लक्ष दिले नाही. मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र पेटला, तेव्हा जग जागे झाले. फोटो नसते तर? अमेरिकेत १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्यांनी मारले, तेव्हा त्याच्या आईने, मॅमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवायला लावली आणि जेट या साप्ताहिकाने तो फोटो छापला. त्या एका फोटोने नागरी हक्कांच्या लढ्याला बळ दिले. पण तिथे निर्णय आईचा होता. माझ्या मुलाचे त्यांनी काय केले ते सगळ्यांनी पाहावे, हे तिने ठरवले. आपल्या गटांवर हा निर्णय कोण घेते? बहुतेक वेळा ज्याच्या फोनमध्ये आधी आला तो.

मणिपूरचा व्हिडिओ आठवा. मे २०२३ मध्ये घडलेले १९ जुलैला सगळ्यांच्या हातात आले. त्याशिवाय देशाने दखल घेतली नसती, हे खरे. त्या बायांना आयुष्यभर त्या व्हिडिओसह जगायचे आहे, हेही खरे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, हे कार्यकर्त्यांना तरी माहीत असायला हवे. फोटो पुढे पाठवणाऱ्या आपल्याच पोरांना त्यात गोवणे पोलिसांना किती सोपे आहे, ते वेगळे सांगायला नको.

दक्षिण आफ्रिकेतही हा पेच सुटलेला नाही. केपटाऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात विली बेस्टर या कृष्णवर्णीय शिल्पकाराने केलेला साराचा लोखंडी पुतळा होता, उघड्या अंगाचा. २०१६ मध्ये काही विद्यार्थिनींनी त्याला वस्त्र गुंडाळले. साराला आता तरी झाका, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूने आक्षेप आला की ही कलाकृतीची मुस्कटदाबी आहे. वस्त्र काढले गेले, पुन्हा घातले गेले. दोन वर्षांनी विद्यापीठाच्या मुख्य सभागृहाला साराचे नाव मिळाले.

आमच्या गटात आम्ही सध्या एक नियम करून पाहिला आहे. घटना लिहायची, ठिकाण, तारीख, एफआयआर, कलमे, आरोपींची नावे लिहायची. मृतदेहाचा किंवा पीडितेचा फोटो कुटुंबाने स्वतः सांगितल्याशिवाय टाकायचा नाही. पहिल्याच आठवड्यात एका तरुण कार्यकर्त्याने हात वर केला. मराठवाड्यातला, गावात स्वतः मार खाल्लेला पोरगा. म्हणाला, “दादा, माझ्या पाठीचे वळ मी स्वतः काढून टाकले होते गटावर. त्याशिवाय तुम्ही कुणी आला असता का?” त्या बैठकीत कुणालाच त्याला उत्तर देता आले नाही. नियम ठेवला आहे, आणि त्याचा प्रश्नही बैठकीच्या वहीत लिहून ठेवला आहे.